गाडीतली चूल आणि बाबांचा पत्रा

आपल्या सौसर-पांढुर्णा भागात नवी गाडी घरात आली की तिची पहिली फेरी जामसांवलीची. ट्रॅक्टर असो की मोटारसायकल, पिंपळाखाली निजलेल्या मारुतीरायापुढे नारळ फुटल्याशिवाय तिला कुणी आपली म्हणत नाही. आमच्या घरी मात्र उलटे झाले. गाडी अंगणात येऊन चार महिने झाले, तरी ती जामसांवलीला काही गेली नाही. कारण एकच. गाडीत चूल कशी बसवायची, यावर घरात एकमत होत नव्हते.

चूल म्हणजे गॅसची शेगडी. पण आमची आई शेगडीलाही चूलच म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो.

झाले असे. आईला ब्याऐंशीवे वर्ष लागले आणि तिने नर्मदा परिक्रमेचा विषय काढला. पायी जाण्याचे वय उरले नाही, हे तिलाही ठाऊक होते. "पायी नाही तं गाडीनं न्या, पन मैयाचं दर्शन अमरकंटकापासून समुद्रापर्यंत होऊ द्या," एवढेच तिचे म्हणणे. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठांनी फिरायचे तर गाडीनेही पंधरा-वीस दिवस सहज जातात. आणि आईचे खाणे म्हणजे मऊ वरण-भात, तोही वेळेवर. रात्री गोळीआधी कोमट दूध, पहाटे गरम पाणी. ढाब्यावरचे तिखट तिला सोसत नाही. तेव्हा माझ्या धाकट्या भावाने ठरवले, जुनी मिनीबस घ्यायची, सीटा काढायच्या आणि आत दोन बाकडी, एक पलंग, एक ओटा बसवायचा. फिरते घरच म्हणा ना.

परदेशात अशी घरे पुष्कळ. मोटारीच्या मागे ट्रॉलीसारखे अख्खे घर जोडतात आणि महिना महिना फिरतात. त्यांची शेगडी प्रोपेन गॅसवर चालते, पाणी त्यावर तापते, थंडीत खोली तापते, काही घरांत तर फ्रीजसुद्धा त्याच गॅसवर. आपल्या सिलिंडरमध्येही प्रोपेन असतोच, ब्यूटेनशी मिसळलेला. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. भावाने हे सगळे मोबाईलवर पाहून ठेवले होते. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, तीही त्याने आधीच काढली. मी पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, म्हणून आगीचा विषय त्याने माझ्याकडे सोपवला. मीही तो मोठ्या तोऱ्यात घेतला.

तोरा होता, पण मनात भीतीही होती. माझ्या डोळ्यांपुढे मदुराई होती. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या रेल्वेच्या एका डब्याला आग लागली. लखनौहून निघालेले यात्रेकरू त्यात होते. गाडीत सिलिंडर न्यायला बंदी, तरी तो चोरून आत नेलेला. पहाटेचा चहा करताना भडका उडाला आणि नऊ माणसे गेली. डबा धावतही नव्हता, उभा होता. ती माणसे काही वेगळे करत नव्हती. तीर्थयात्रेला निघाली होती आणि चहा करत होती. आम्हीही तेच करणार होतो.

गाडीचे आतले काम एका शहरातल्या बॉडीवाल्याकडे दिले. त्याने काम झोकात केले. भिंतींना आतून थर्माकोल, त्यावर प्लायवूड, त्यावर सनमायका. ओट्याच्या मागे चकचकीत स्टीलचा पत्रा, तोही डिंकाने थेट प्लायवूडवर चिकटवलेला. "स्टील हाय न मॅडम, जळते काय?" तो म्हणाला. खरे होते, स्टील जळत नाही. भाऊ खूश, वहिनी खूश. शेगडी भिंतीपासून दोन बोटांवर बसवली होती, म्हणजे गाडीत जागा वाचली.

मी म्हटले, आधी घरच्या अंगणातच पाहू. दारे-खिडक्या सताड उघडल्या, पाण्याच्या बादल्या आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवला. दोन्ही बर्नरवर मोठी पातेली चढवून तासभर गॅस चालू ठेवला. पाऊण तासाने वास आला. आधी डिंकाचा, मग लाकडाचा. पत्रा मधोमध फुगला होता. गॅस बंद करून मिस्त्रीकडून तो उचकटला, तर मागे प्लायवूडवर तांबूस डाग. त्यामागचा थर्माकोल पातेल्याच्या आकाराचा आत बसलेला, जणू कुणी अंगठ्याने लोणी दाबावे.

स्टील जळत नाही, पण उष्णता ते अडवतही नाही. ते ती पुढे पोचवते. आणि थर्माकोल शंभर अंशांच्या आतच मऊ पडतो. पुढे पेटला तर वितळत, ठिपकत जळतो. लाकडाचे आणखी एक दुखणे आहे. ते एकदा तापले म्हणून पेटत नाही, पण रोज रोज तापत राहिले तर आतून हळूहळू कोळशासारखे होत जाते आणि मग पूर्वीपेक्षा कमी उष्णतेलाही पेट घेते. म्हणजे पहिल्या दिवशी काही झाले नाही, म्हणून विसाव्या दिवशी होणार नाही असे नाही. आणि विसाव्या दिवशी आम्ही घरापासून कुठे दूर, नर्मदेच्या कुठल्याशा घाटावर असणार होतो.

त्या रात्री भाऊ माळ्यावर चढला आणि बाबांचा पत्रा घेऊन उतरला.

बाबांचा पत्रा म्हणजे राखाडी-पांढरा, पुठ्ठ्यासारखा जाड तक्ता. आमच्या लहानपणी आईच्या स्टोव्हमागे भिंतीला टेकवून ठेवलेला असे. बाबा नागपूरच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. वाफेच्या नळ्यांना गुंडाळायची दोरी, लिंपायचा पांढरा गिलावा, असले तक्ते, हेच त्यांचे रोजचे काम. शनिवारी रात्री घरी येत तेव्हा त्यांच्या केसांवर आणि सदऱ्यावर पीठ सांडल्यासारखी पांढरी धूळ असे. आई तो सदरा अंगणात झटकायची. आम्ही भावंडे खाली उभी राहून म्हणायचो, "बर्फ पडला, बर्फ पडला."

भावाने पत्रा ओसरीवर ठेवला आणि फडक्याने पुसू लागला. कोपऱ्यात पेन्सिलीने बाबांच्या हाताने माप लिहिलेले होते. ते अक्षर पाहून आम्ही दोघेही गप्प झालो. मग तो म्हणाला, "ताई, हाच लावू. आगीत टाकला तरी याला काही होत नाही. आन् बाबाही येतीन आपल्यासंगं परिक्रमेला."

मला काही बोलवेना. कारण तो तक्ता ॲस्बेस्टॉसचा होता.

माझ्या पिढीने ॲस्बेस्टॉस फार जवळून पाहिले. शाळेच्या प्रयोगशाळेत तिवईवर जी लोखंडी जाळी ठेवतात, तिच्या मधला पांढरा गोल तोच असे. मी स्वतः कित्येक वर्षे मुलांच्या हातात त्या जाळ्या दिल्या. तुटक्या जाळ्यांचे पांढरे कण टेबलावरून फुंकरही मारली. हा दगड आहे, पण त्याचे तंतू निघतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, आम्लाला सहसा दाद देत नाहीत. या गुणांमुळेच जगाने त्याला डोक्यावर घेतले. आणि हेच गुण फुफ्फुसात गेल्यावर घात करतात. डोळ्याला न दिसणारा तंतू श्वासाबरोबर आत जातो आणि तिथेच राहतो. शरीराला तो विरघळवता येत नाही. दुखणे वर यायला वीस, तीस, चाळीस वर्षेही लागतात. फुफ्फुसे आखडतात, काहींना कर्करोग होतो. सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साठांहून अधिक देशांनी ते बंद केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालच्या जानेवारीत या धंद्यातल्या कामगारांच्या आरोग्याची नोंद निदान चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. पण छपराच्या सिमेंटपत्र्यांसाठी पांढरे ॲस्बेस्टॉस आपल्याकडे आजही बाहेरून येते.

बाबांची नोंद कुणी ठेवली नव्हती. ते शेवटची सहा वर्षे खोकले. रात्री उशाला उशी, उशीवर उशी लावून बसल्या बसल्या झोपायचे. डॉक्टरांच्या कागदावर दमा लिहिले होते. बाबा बिडीही ओढायचे. त्यामुळे दोष कुणाचा, हे भांडण आता कुणाशी करणार?

भावाला मी शाळेतल्यासारखे समजावू लागले. नुसता पडून असलेला, न फुटलेला तक्ता फारसे काही करत नाही. पण कापला, भोक पाडले, घासला, की तंतू सुटतात. आणि आपली गाडी तर रस्ताभर हादरणार. स्क्रूपाशी तो सारखा घासला जाणार. शेजारी आई झोपणार. भाऊ ऐकत होता, पण त्याचा हात पत्र्यावरून निघत नव्हता. "आईनं वीस वर्षं याच्यापुढं सैपाक केला. तिले काय झालं?" तो म्हणाला.

आई दारात उभी होती, आम्हाला दिसली नव्हती. आत येऊन ती खुर्चीवर बसली. बराच वेळ पत्र्याकडे पाहिले. मग म्हणाली, "त्याईनं आनला तेव्हा त्याईले मालूम नव्हतं. तुमाले मालूम हाय." आणि उठून देवघरात गेली.

त्यानंतर घरात वाद झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी नाकातोंडाला चांगला मास्क बांधून तक्ता पाण्याने ओला केला, म्हणजे धूळ उडू नये. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून चिकटपट्टीने बंद केला, वर ठळक अक्षरांत काय आहे ते लिहिले. पुसलेले फडकेही त्यातच. भंगारवाल्याला दिला नाही, कारण तो तोडणार. जाळला नाही, कारण तो जळत नाही. तो धोकादायक कचरा रीतसर नेणाऱ्यांकडेच जायला हवा. तोवर गोठ्यामागच्या खोलीत कुलपात आहे. पेन्सिलीच्या मापाचा फोटो भावाने आधी काढून घेतला होता. ते त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

आता प्रश्न पुन्हा तिथेच. लावायचे काय?

नागपुरात भट्ट्यांचे आणि बॉयलरचे सामान विकणारी दुकाने आहेत. आम्ही दोघे तिथे दिवसभर फिरलो. दुकानदार एकेक नमुना पुढे टाकी. काचेची लोकर, म्हणजे ग्लासवूल. काच जळत नाही, पण तिचे तंतू एकत्र धरणारा चिकट पदार्थ अडीचशे अंशांच्या आसपास जळू लागतो, आणि हाताला खाज सुटते ती वेगळीच. फ्रीजच्या भिंतीत असतो तसला पिवळा फोम. थंडी राखायला उत्तम, पण पेटला तर त्याच्या धुरात जिवावर उठणारे विषारी वायू असतात. सिरॅमिकची पांढरी गादी, जी बाराशे अंशांपुढेही टिकते. ती पाहून भाऊ म्हणाला, "हीच घेऊ, सगळ्यात भारी." पण तिचेही बारीक तंतू सुटतात आणि तेही फुफ्फुसाला चांगले नाहीत. भट्टीला तिची गरज असते. वरण-भाताच्या शेगडीला नव्हे.

शेवटी आम्ही घेतली ती दगडाची लोकर, रॉकवूल. दुकानदाराने सांगितले तेव्हा मला गंमत वाटली. काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, भट्टीत वितळवतात आणि गरगर फिरवून त्याचे तंतू काढतात. जत्रेत साखर वितळवून 'बुड्ढी के बाल' काढतात, अगदी तसेच. आपल्या भागात ज्या काळ्या खडकाची झीज होऊन कपाशीची काळी माती झाली, त्याच जातीचा हा खडक. तो हजार अंशांपुढेच वितळतो. सहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत त्याच्या कडक पाट्या निर्धास्त वापरतात. सैल लोकर नको, कारण गाडीच्या हादऱ्यांनी ती खाली बसते आणि वर पोकळी राहते. म्हणून घट्ट दाबलेली पाटी घेतली. तिचेही तंतू हवेत नकोत. म्हणून ती कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि बसवल्यावर चारी बाजूंनी पत्र्यात बंद.

खरा धडा मात्र दुकानात नाही, घरच्या मिस्त्रीकडून मिळाला. हा आमच्या जुन्या ओळखीचा सुतार. त्याने पाटी पाहिली, पत्रा पाहिला आणि विचारले, "बाई, तुमच्या आजीची चूल भितीले चिकटून होती काय?"

नव्हती. आजीची चूल भिंतीपासून हातभर पुढे असे. भिंत कुडाची होती, म्हणून मागे मातीचा जाड थर, पांढऱ्या मातीने सारवलेला. चूल आणि भिंत यांच्यामधल्या जागेत मांजर निजायचे. ते अंतर काही उगाच नव्हते.

उष्णता तीन वाटांनी जाते, हे मी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहिले. वहन, अभिसरण, प्रारण. मुलांकडून व्याख्या पाठ करून घेतल्या. पण आपल्याच ओट्यामागे तो धडा मला दिसला नाही. ज्योतीची धग सरळ येऊन भिंतीवर आदळते, ते प्रारण. ती परतवायला चकचकीत स्टील चांगले. पण स्टील तापले की मागे चिकटलेल्या लाकडात ती धग उतरते, ते वहन. ते तोडायचे तर मध्ये फट हवी. आणि फटीतली हवा तापून वर निघून जायला, खालून थंड हवा आत यायला वाट हवी, ते अभिसरण. म्हणजे स्टील, मग इंचभर मोकळी हवा, खालून-वरून उघडी, आणि मग दगडाच्या लोकरीची पाटी. परदेशातल्या अग्निसुरक्षेच्या नियमांतही पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये अशीच इंचभर फट सांगितलेली असते. काय चिकटवायचे याचा विचार आम्ही महिनाभर केला. काय मोकळे सोडायचे हे कुणी विचारलेच नव्हते.

पण पत्रा इंचभर पुढे उभा राहणार कशावर? लोखंडी स्क्रू आणि नळी लावली तर तीच उष्णता लाकडात नेणार. मिस्त्री घरी गेला आणि पिशवीभर चिनी मातीचे तुकडे घेऊन आला. पूर्वी घरांत वायरिंग उघडे असे, तेव्हा भिंतीवर तारा धरायला जे पांढरे चिनी मातीचे अडकवे लावत, तेच. कुठल्या तरी जुन्या वाड्याचे काम करताना त्याने जपून ठेवले होते. चिनी माती जळत नाही आणि उष्णताही फारशी पुढे नेत नाही. सहा तुकडे, तेही ज्योतीच्या समोर नव्हे, कडेकडेने.

शेगडी भिंतीपासून सहा इंच पुढे घेतली. भाऊ कुरकुरला, कारण पलंगाची तेवढी जागा गेली. ओट्यावरचे कपाट काढून दुसरीकडे नेले. शेगडीच्या वर अडीच फुटांत काही नको. खिडकीचा पडदा काढला. त्या कोपऱ्यातला थर्माकोल सगळा उपसला.

परत परीक्षा. या वेळी वहिनीने युक्ती काढली. मेणबत्तीचे थेंब पाटीच्या मागच्या प्लायवूडवर ठिकठिकाणी पाडून ठेवले. मेण साधारण साठ अंशांच्या आत-बाहेर वितळते. ते जागचे हलले नाही, तर लाकूड सुरक्षित. मागे पाहायला मिस्त्रीने बाहेरच्या बाजूने एक छोटी फळी खोलती ठेवली होती. दोन बर्नर, दोन पातेली, दीड तास. पत्र्याच्या वरच्या फटीतून गरम हवा हाताला लागत होती, जणू आत कुणी श्वास घेते आहे. फळी काढली. मेणाचे सगळे थेंब जसेच्या तसे. वहिनीने नखाने एक उचलून दाखवला.

आता राहिलेले थोडक्यात सांगते, कारण जत्रेत गाडा लावणाऱ्यांना, लग्नाचा स्वयंपाक टेम्पोतून नेणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी साठतो. म्हणून सिलिंडरची पेटी आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारे झरोके असलेली केली. सिलिंडर पाच किलोचा, उभाच, पट्ट्याने आवळलेला. नळी जाळीची, ठरलेल्या मुदतीत बदलायची. गाडी सुरू झाली की सिलिंडरचा खटका बंद, हा नियम भावाच्या मुलाने लाल अक्षरांत लिहून लावला. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांकही त्याखाली. स्वयंपाक चालू असताना दोन खिडक्या उघड्या, थंडी असली तरी. भावाला आईसाठी गॅसचा गिझर बसवायचा होता. तो मी होऊ दिला नाही. बंद जागेत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. न्हाणीघरात गॅस गिझरने गेलेल्या माणसांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आईचे पाणी पातेल्यातच तापेल, म्हटले.

मार्गशीर्षात एका सकाळी गाडी जामसांवलीला गेली. हनुमान लोकाचे भूमिपूजन २०२३ साली झाले, त्याच वर्षी आपला पांढुर्णा जिल्हाही झाला. तेव्हापासून तिथली वर्दळ वाढली आहे. आम्ही मुद्दाम शनिवार-मंगळवार टाळला. नारळ फुटला, गाडीला हार घातला. आणि मग आईने जाहीर केले की आज रोडगे होणार, कारण गाडी पार पडली तर मारुतीला रोडगे, असे ती बोलून बसली होती.

चार महिने खपून केलेली चूल गाडीत थंड बसून राहिली. आम्ही मंदिरापासून लांब, झाडाखाली गोवऱ्या रचल्या. निखारे पडल्यावर रोडगे आत पुरले, वांग्याची भाजी तीन दगडांवर. भाऊ धुराने डोळे पुसत म्हणाला, "एवढा खर्च कायले केला मग?" सगळे हसलो.

जेवताना आई म्हणाली, "रावनानं मारुतीच्या शेपटीले चिंध्या बांधल्या, तेल वतलं, आग लावली. लंका जळली. शेपटी नाही जळली. त्याले कोनती लोकर लावली होती रे?"

वहिनी म्हणाली, "सीतामाईनं अग्नीला विनवलं होतं ना आई, त्याला चटका लावू नको म्हणून."

"मंग तेच तं म्हनतो मी," आई म्हणाली. "कोनाले तरी त्याची काळजी होती." आणि रोडग्यावर तूप घ्यायला तिने वाटी पुढे केली.

त्या रात्री तिथेच मुक्काम केला. पहाटे कडाक्याची थंडी होती. सगळ्यांच्या आधी उठून भावाने गाडीतली चूल पहिल्यांदा पेटवली. मी जागी होते. त्याने चहाचे आधण ठेवले, दोन खिडक्या उघडल्या आणि मग दार उघडून बाहेर गेला. खिडकीतून मी पाहिले. चुलीच्या मागे बाहेरून जी भिंत येते, तिच्यावर तो तळहात ठेवून उभा होता. बराच वेळ उभा होता.

"गरम हाय काय रे?" मी विचारले.

"नाही. थंडगार हाय," तो म्हणाला. आत येऊन त्याने चहा गाळला. आईला बशीत ओतून दिला. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी हाय."